कॅबिनेटला बॉक्स ग्रिल

३ ऑगस्ट २०२५, रविवार

आज सर्वसाधारण सभेत माझा ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे भाऊराव हिवराळे सोडून. आमच्या सुप्रभा सोसायटीत गेली एकतीस वर्षं एकमताचा तोच अर्थ आहे.

ठराव असा, की पुनर्विकासात मिळणाऱ्या नव्या इमारतीचं जे चालतं-फिरतं चित्र बिल्डरच्या आर्किटेक्टने बनवलं आहे, ते सोसायटीच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर पाहिल्याशिवाय कोणीही संमतीपत्रावर सही करायची नाही. त्या चित्रात म्हणे आपण आपल्या नव्या घराच्या दारातून शिरून थेट न्हाणीघरापर्यंत फिरून येऊ शकतो. त्यांच्या ऑफिसात जाऊन पाहिलं तर ते त्यांना हवं ते दाखवतील. मी चौतीस वर्षं महापालिकेच्या निविदा विभागात काढली आहेत. नमुना म्हणून येतो तो माल आणि ट्रकमधून उतरतो तो माल यांची गाठ क्वचितच पडते.

आर्किटेक्ट निहार हसून म्हणाला, "काका, चालेल ना. पण साध्या कॉम्प्युटरवर ते उघडणारसुद्धा नाही. गेमिंग पीसी लागेल. मोठ्या ग्राफिक्स कार्डवाला."

"मग घेऊ," मी म्हणालो.

लगेच यंत्र खरेदी उपसमिती नेमली. अध्यक्ष मी, खजिनदार म्हणून नंदू प्रभावळकर, आणि भाऊराव. भाऊरावला घ्यावंच लागतं. बाहेर ठेवला तर जास्त बोलतो.

घरी येऊन पद्मजाला सांगितलं. गुडघ्याला तेल चोळता चोळता तिने विचारलं, "म्हणजे लिफ्ट कधी?" आमचा तिसरा मजला, इमारतीला लिफ्ट नाही आणि हिचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. म्हटलं, महिन्याभरात सही करू. नवं घर ए विंगमध्ये अकराव्या मजल्यावर आहे, खिडकीतून खाडी दिसणार. आणि मोठं सुख म्हणजे दार उघडल्यावर समोर भाऊराव नसेल. पद्मजाने दुसऱ्या गुडघ्याला तेल घेतलं.

७ ऑगस्ट, गुरुवार

चार दिवस यूट्यूबवर अभ्यास करतोय. सगळी पोरं ओरडून बोलतात, पण विषय सोपा आहे. त्यांच्यात 'बॉटलनेक' म्हणून एक प्रकार असतो. पाणीखात्याच्या निविदा हाताळलेल्या माणसाला तो शिकवायला नको. मुख्य वाहिनी सहा फुटी आणि घरातला नळ अर्ध्या इंचाचा, तर बादली भरायला तेवढाच वेळ लागणार. प्रोसेसर दणकट आणि चित्र काढणारं कार्ड मरतुकडं, किंवा उलट, तर पैसे गेले.

सकाळी सातला हे भाऊरावला समजावलं. सातला तो त्याच्या दारात उभा असतो, मी माझ्या. चहा सोनूबाईंचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, आणि पेपर माझा. पहिलं पान तो आधी वाचतो. यात मैत्री वगैरे काही नाही, दोन घरांत दोन पेपर कशाला घ्यायचे एवढाच विचार.

"नळाचं ठीक आहे," तो म्हणाला, "पण तुझ्या खात्याचं पाणी आजवर कधी वेळेवर आलंय?"

रेल्वेच्या कारशेडमध्ये फिटर होता. दुसऱ्याच्या खात्यावर बोलायची सवय तिथलीच.

१० ऑगस्ट, रविवार

उपसमितीची पहिली बैठक झाली. बैठकीत आम्ही एकमेकांना 'तुम्ही' म्हणतो, इतिवृत्तात बरं दिसतं.

भाऊरावची मुलगी चेतना जिन्यात भेटली. पवईला राहते, तिथेच कुठल्याशा गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे, गेममधली घरं आणि रस्ते रंगवते म्हणे. ती उभ्या उभ्या म्हणाली, "काका, आधी काय चालवायचंय ते बघा. त्याप्रमाणे कार्ड घ्या. मग त्या कार्डाला झेपेल असा पॉवर सप्लाय. आणि डबा, म्हणजे कॅबिनेट, सगळ्यात शेवटी. मी देऊ का यादी करून? अर्धा तास लागेल."

मी नम्रपणे नकार दिला. ती उपसमितीच्या सदस्याची मुलगी आहे. उद्या कोणी हितसंबंध म्हणून बोट दाखवलं तर काय उत्तर देणार? भाऊरावलाही हे पटलं. पोर कपाळावर हात मारून खाली गेली.

१७ ऑगस्ट, रविवार

नियमाप्रमाणे प्रत्येक भागासाठी तीन कोटेशनं मागवली. सात भाग, एकवीस लिफाफे, सगळे सीलबंद. प्रत्येक भाग सर्वांत कमी दर भरणाऱ्याकडून घ्यायचा. त्यामुळे सात भाग सात दुकानांतून येतील. घाटकोपर, बोरीवली, अंधेरी, सगळीकडे पसरलेत. एकाच दुकानातून घेतलं असतं तर त्याने जोडूनही दिलं असतं, असं नंदू म्हणाला. पण मग कोटेशनांना अर्थ काय राहिला?

कॅबिनेट आजच आलं. अंधेरीतलं एक दुकान बंद होत होतं, नंदूने तिथून उचललं. छोटं, सुबक, देवघरात शोभेल असं आहे. डबा शेवटी घ्या असं चेतना म्हणाली होती, ते आठवलं. पण वस्तू आणायच्या तर ठेवायच्या कशात?

२५ ऑगस्ट, सोमवार

ग्राफिक्स कार्ड आलं. कार्ड म्हटल्यावर मला रेशनकार्डाएवढं काहीतरी डोळ्यांसमोर होतं. हे तर दोन विटांएवढं निघालं, वर तीन पंखे. डब्यात जात नाही. टेपने मोजलं, साडेतीन इंच बाहेर राहतं.

नंदूने विचारलं, कार्ड कापता येईल का? मी कात्री उचलून खणात ठेवली.

परत करावं तर कार्ड मंजूर निविदेप्रमाणे आहे आणि डबाही मंजूर निविदेप्रमाणे आहे. दोघांचा एकमेकांशी संबंध असावा अशी अट निविदेत नव्हती. निविदा मी लिहिली होती. हे इतिवृत्तात घेतलेलं नाही, इथे लिहून ठेवतो.

शेवटी भाऊराव म्हणाला, "जागा कमी पडली की मुंबईत माणूस काय करतो?"

आम्ही तिघांनी एकदमच खिडकीकडे पाहिलं. बाहेर काढलेली बॉक्स ग्रिल.

४ सप्टेंबर, गुरुवार

भांडुपचा कुंडलिक येऊन काम करून गेला. आमच्या सगळ्या खिडक्यांच्या ग्रिल त्यानेच केल्यात. त्याने डब्याचा पुढचा पत्रा चौकोनी कापला आणि साडेतीन इंच बाहेर येणारी ग्रिल वेल्ड केली. इमारतीच्या ग्रिलना आहे तोच चॉकलेटी रंग. वर पावसासाठी छज्जाही काढला, सवयीने. कार्ड आता गॅलरीत बसल्यासारखं बसलंय.

यंत्र ठेवायचं कुठे यावर दोन बैठका गेल्या. सोसायटीच्या ऑफिसात ओल आहे. माझ्या घरात ठेवायला भाऊरावची हरकत, कारण अध्यक्ष मागच्या मागे काहीही बघेल. त्याच्या घरात ठेवायला माझी हरकत, कारण तो तेच करेल. शेवटी तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये, आमच्या दोघांच्या दारांच्या बरोबर मध्ये ठेवलं. टेबल माझं, खुर्च्या त्याच्या. डब्याची वीज त्याच्या घरातून, मॉनिटरची माझ्या घरातून. म्हणजे एकट्याने सुरू होणारच नाही.

मॉनिटर माझ्या अखत्यारीत असल्याने त्याची वायर मी स्वतः जोडली. डब्याच्या पाठीमागे तसल्याच दोन जागा होत्या, एक वर आणि एक खाली. वरची जवळ पडत होती. घट्ट बसली.

९ सप्टेंबर, मंगळवार

चित्र सुरू झालं. टाळ्या पडल्या. पण ते चालत नाही. एक पाऊल टाकलं की थांबतं, विचार करतं, मग दुसरं टाकतं. नंदूची बायको तिच्या नव्या स्वयंपाकघरात जायला निघाली, तिला ओट्यापर्यंत पोचायला वीस मिनिटं लागली. मध्ये ती घरी जाऊन कुकर लावून आली.

भाऊरावने विजेरी घेऊन डब्याच्या मागे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता हरकत येणार. पण उठला, हात झटकले आणि म्हणाला, "मागे सगळं ठीक आहे. रॅम कमी पडत असेल. वाढवून बघू."

भाऊरावने खर्च सुचवला. आजवर याने जिन्यातला बल्ब बदलायलाही विरोध केलेला आहे. वय होतंय त्याचं.

२१ सप्टेंबर, रविवार

रॅम दुप्पट झाली, फरक नाही. नव्या रॅमला दिवे आहेत. कोणत्या रंगाचे ठेवायचे यावर पाऊण तास चर्चा झाली, कारण प्रत्येक रंगामागे कोणी ना कोणी उभं होतं. शेवटी सगळे रंग आळीपाळीने, प्रत्येकी दोन सेकंद, असा तोडगा निघाला. निळ्याला दोन सेकंदांपेक्षा जास्त मिळतात असं नंदूचं म्हणणं आहे. तो घड्याळ घेऊन बसला होता.

भाऊरावच्या सूचनेवरून पॉवर सप्लायही मोठा घेतोय. परत तीन कोटेशनं, म्हणजे पंधरा दिवस गेले. निहारचे फोन येतात, काका कधी, काका कधी. मी सांगितलं, प्रक्रियेला वेळ लागतो.

खरं लिहायचं तर दिवस बरे चाललेत. रोज संध्याकाळी चार ते सात आम्ही दोघं पॅसेजमध्ये खुर्च्यांवर बसतो आणि यंत्राची पाहणी करतो. सभासद येतात, एक-दोन पावलं चालतात, जातात. पद्मजाने ग्रिलवर सांडगी मिरच्या वाळत घातल्या आहेत. कार्डाची ऊब छान लागते. सोनूबाई मधून मधून चहा आणतात.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. यंत्राची पूजा केली. भाऊराव सकाळी विहारात गेला होता, त्यामुळे हरकत घ्यायला कोणी नव्हतं, तिथेच चुकलं. ग्रिलला झेंडूची माळ बांधली. यंत्र सुरू करताच पंख्याने माळ आत ओढली आणि पॅसेजभर पाकळ्या उडाल्या. निहार नेमका तेव्हा जिना चढून आला. त्याला वाटलं, त्याच्या स्वागतासाठी काही केलंय.

तो सांगून गेला, महिनाअखेरपर्यंत संमती नाही मिळाली तर बिल्डर दुसरी सोसायटी बघणार. मी कॅलेंडरवर ३१ तारखेला खूण केली. भाऊराव संध्याकाळी शांतपणे पंख्यातल्या पाकळ्या चिमट्याने काढत बसला. म्हणाला, "पाण्यावर थंड होणारा कूलर असतो म्हणे. तो घेऊन बघायचा का?"

११ ऑक्टोबर, शनिवार

आज पद्मजा भाजी घेऊन येताना दुसऱ्या मजल्यावर बसली ती उठलीच नाही. अर्धा तास तिथे पायरीवर बसून होती. वर आम्ही दोघं कूलरची कोटेशनं उघडत होतो. आम्हाला पत्ता नाही. सोनूबाईंनी तिला हात धरून आणलं.

मी पाणी दिलं. ती म्हणाली, "मला लिफ्ट त्या टीव्हीत बघायची नाहीये हो. वापरायचीये."

मला फार वाईट वाटलं. कूलर उद्याच आणतो म्हणालो.

"कूलर आणू नका. चेतनाला बोलावते मी. घराला माझंही नाव आहे, मीही सभासद आहे. हितसंबंध काय निघतील ते माझ्यावर घाला."

१२ ऑक्टोबर, रविवार

चेतना आली. आधी ग्रिलकडे बघून हसली, मग फोटो काढून ऑफिसात पाठवला. मग डब्यामागे वाकली, मॉनिटरची वायर वरच्या जागेतून काढली आणि खालच्या जागेत लावली. एवढंच. चित्र गिरगावच्या रस्त्यावर पहाटे टॅक्सी पळावी तसं पळायला लागलं.

"काका, वरची जागा मदरबोर्डची, म्हणजे आतल्या मूळ पाटीची. एवढं मोठं कार्ड आणलंत, पण मॉनिटर त्याला जोडलाच नव्हता. महिनाभर ते नुसतं बसून होतं."

"मिरच्या वाळवत होतं," पद्मजा म्हणाली.

"आणि मी गणपतीतच सांगितलं होतं बाबांना," चेतना म्हणाली. "त्यांनी ग्रिलचा फोटो पाठवला, त्यात वायर दिसली मला. म्हटलं, फक्त खालच्या जागेत लावा."

सगळ्यांनी भाऊरावकडे पाहिलं. भाऊराव कठड्यावरून खाली बघत होता.

मला बोलायचं होतं, पण माऊस माझ्या हातात होता आणि ए विंग, ११०४ चं दार समोर उघडं होतं. आत गेलो. खाडी होती. ओटा होता, लिफ्ट होती, पद्मजाने तिचं बटण दोनदा दाबायला लावलं. मग सवयीने मी घराचं दार उघडून बाहेर पाहिलं. समोर भिंत. कोरी, पिस्ता रंगाची. तिच्यावर फायर डक्ट असं लिहिलेलं.

"भाऊराव, तुझं कुठे आहे?"

"सी विंग. नऊशे तीन."

मी निघालो. लिफ्टने खाली, पोडियमवरून, बागेला वळसा, बी विंगच्या मागून, मध्ये एकदा पोहण्याच्या तलावात पडलो, चेतनाने बाहेर काढलं, मग दुसरी लिफ्ट, लांब पॅसेज, ९०३.  भाऊरावने घड्याळ बघितलं.

"अकरा मिनिटं," तो म्हणाला. "चहा गार होतो."

१३ ऑक्टोबर, सोमवार

सातला दार उघडलं. समोरचं दार बंद. चहा नाही. पहिलं पान मी आधी वाचलं. त्यात काही नव्हतं.

त्याने महिनाभर मला फसवलं. पद्मजा त्या महिन्यात किती वेळा जिना चढली, हे मोजायला बसलो आणि मध्येच सोडून दिलं. राग तर आहेच. पण दुपारभर ती पिस्ता रंगाची भिंत डोळ्यांसमोर आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज मीच बेल वाजवली. म्हणालो, "तुला माहीत होतं."

"कागदी नकाशा मे महिन्यात वाटला होता. अडतीस पानं. मी सगळी बघितली. तू फक्त तुझं खाडीचं पान बघितलंस."

"मग बोलला का नाहीस? प्रत्येक गोष्टीला हरकत घेतोस, याला नाही घेतलीस?"

"काय लिहून देऊ?" तो म्हणाला. "सभासद क्रमांक बाराला सभासद क्रमांक अकरा समोर हवा? हसले असते लोक." मग म्हणाला, "वहिनींच्या गुडघ्याचं लक्षात यायला हवं होतं माझ्या. ते चुकलंच."

आतून सोनूबाई म्हणाल्या, "दारात काय भांडताय? चहा ठेवलाय."

प्यालो. चहा गरम होता. मी त्याला सांगितलं, लोक हसले तर हसू देत, ठराव लिहायला मी बसलोय.

२६ ऑक्टोबर, रविवार

विशेष सर्वसाधारण सभा. इतिवृत्त वेगळं लिहिलंय, इथे खरं काय ते.

निहारने शोधून सांगितलं होतं, की समोरासमोरच्या दोन जागा फक्त बी विंगमध्ये, चौथ्या मजल्यावर उरल्या आहेत. कोणी घेतल्या नव्हत्या, कारण खिडक्या मागच्या इमारतीच्या जिन्याकडे आहेत. खाडी नाही. मी पद्मजाला विचारलं. ती म्हणाली, "लिफ्ट आहे ना? मग झालं. आणि खाडी तरी तुम्ही किती दिवस बघणार होतात? चौथ्या दिवशी मलाच सांगितलं असतंत, भाऊराव असता तर याला काय म्हणाला असता."

मी उभा राहिलो आणि ठराव वाचला. सभासद क्रमांक अकरा व बारा यांच्या सदनिकांची दारं सध्या ज्या स्थितीत आहेत, म्हणजे समोरासमोर, त्याच स्थितीत नव्या इमारतीत असावीत, आणि तसं झाल्यास दोन्ही सभासद संमतीपत्रावर आजच सही करतील.  लोक हसले नाहीत, फक्त नंदू खोकला.

"हरकत?" सोसायटीच्या अध्यक्षांनी विचारलं.

सगळी सभा भाऊरावकडे वळली. एकतीस वर्षांची सवय. त्यानेही हात वर केला. 

"हरकत नाही," तो म्हणाला. "अनुमोदन आहे."

इतिवृत्तात लिहायला नंदूने पेन उचललं आणि तसाच थांबला. म्हणाला, सूचकाचा आणि अनुमोदकाचा रकाना ज्याने त्याने स्वतःच्या हाताने भरा, नाहीतर पुढे कोणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून सूचक म्हणून मी सही केली आणि अनुमोदक म्हणून भाऊराव हिवराळे याने. मग संमतीपत्रांवर केली. पद्मजानेही केली, पेन सगळ्यांत जोरात दाबून.

९ नोव्हेंबर, रविवार

निहारने सुधारलेलं चित्र पाठवलं. यंत्र अजून पॅसेजमध्येच आहे. इमारत रिकामी होईपर्यंत चाचणी चालू ठेवावी, असं उपसमितीचं मत पडलं.

आज दोघांनी मिळून बघितलं. बी विंग, चौथा मजला. मी माझं दार उघडलं, समोर त्याचं दार. मध्ये साधी पांढरी फरशी. माऊसने एक एक पाऊल टाकत मी पलीकडे गेलो, मग माऊस त्याला दिला, तो माझ्या दारापर्यंत आला. अंतर चार पावलं आहे. भाऊरावचं म्हणणं साडेतीन. आम्ही तीनदा मोजलं, तोडगा निघाला नाही, मतभेद नोंदवून ठेवला.

चहा गार होत नाही, एवढ्यावर एकमत झालं.